पाणी कोणाच्या शेतात सोडायचे?

२९ एप्रिल १९२७ रोजी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहराच्या खालच्या अंगाला, कॅरनार्व्हन येथे, मिसिसिपी नदीचा बांध सुरुंग लावून फोडण्यात आला. कित्येक आठवडे नदी चढत होती आणि शहरातले बँकवाले व व्यापारी धास्तावले होते. खालच्या दोन सखल परगण्यांत पाणी सोडले तर शहराचा धोका टळेल, हा हिशेब त्यांनी सरकारच्या गळी उतरवला. सेंट बर्नार्ड आणि प्लॅकमिन्स या त्या परगण्यांत मासेमार, कातड्यासाठी सापळे लावणारे आणि लहान शेतकरी राहत असत. सुमारे दहा हजार माणसांना घरदार सोडावे लागले. भरपाई देऊ, असा शब्द त्यांना मिळाला होता; प्रत्यक्षात बहुतेकांच्या हाती किरकोळ रक्कम पडली आणि अनेकांच्या हाती काहीच पडले नाही. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट अशी, की त्याच सुमारास नदीने वरच्या अंगाला आपणहून बांध फोडले आणि शहरावरचा भार हलका झाला. त्या दोन परगण्यांचा बळी देण्याची गरजच उरली नव्हती.

त्या प्रसंगी निर्णय उघडपणे घेतला गेला, म्हणून तो आज आपल्याला दिसतो. एरवी हाच निर्णय कोणीही न उच्चारता होत असतो. एका काठावरच्या शहराने आपला बांध हातभर उंच केला, की तेच पाणी समोरच्या काठावरच्या गावांत शिरते. नदीलगतच्या मोकळ्या जागेत भराव टाकून वसाहत उभी राहिली, की तिथे पूर्वी मावणारे पाणी खालच्या शेतांत जाऊन उभे राहते. धरण काठोकाठ भरल्यावर दारे एकदम उघडावी लागतात, तेव्हा धरण वाचते आणि खालचा सखल पट्टा बुडतो. कोणत्याही नकाशावर तसे लिहिलेले नसले, तरी ही शेते इतरांच्या सुरक्षिततेसाठी जलाशय म्हणून वापरली जात असतात. हा वापर थांबवता येईल, असे मी म्हणत नाही. पुष्कळदा तो टाळता येणार नाही. माझे म्हणणे असे, की तो मान्य करावा, पूर येण्याच्या आधी लेखी करार करून मान्य करावा, आणि ज्याच्या शेतात पाणी उभे राहणार त्याला त्या निर्णयात खऱ्या अर्थाने मत असावे. पूर ओसरल्यावर पंचनामे करून वाटलेली मदत ही उपकाराच्या भाषेत दिली जाते. करारातला मोबदला हक्काने मागता येतो. हा फरक शब्दांपुरता नाही.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो, की सगळीकडेच मजबूत बांध घातले तर कोणाच्याही शेतात पाणी सोडण्याचा प्रश्न येणार नाही. हा आक्षेप मनापासून घेतला जातो आणि पूरग्रस्त गावांतूनही बांधाचीच मागणी होते, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. गाळ वाहून आणणारी नदी दोन बांधांच्या मध्ये कोंडली, की पूर्वी मैदानभर पसरणारा तिचा गाळ त्या अरुंद पट्ट्यातच साचू लागतो. पात्र वर येते, म्हणून बांध उंच करावा लागतो. मग पात्र पुन्हा वर येते. चीनमधली पीत नदी खालच्या टप्प्यात भोवतालच्या जमिनीपेक्षा उंचावरून वाहते, ती याच चक्रामुळे. अशी नदी फुटली म्हणजे पाणी नुसते बाहेर येत नाही, ते उंचावरून कोसळते, आणि परत नदीत जायला त्याला वाटच नसते. दुसरी अडचण बांधाच्या बाहेरच्या बाजूची आहे. तिथे पडलेला पाऊस आणि लहान ओढ्यांचे पाणी पूर्वी नदीत उतरत असे. आता ते बांधाला टेकून थांबते. निचऱ्यासाठी दारे ठेवलेली असतात, पण नदी चढलेली असेपर्यंत ती उघडता येत नाहीत, आणि नदी उतरेपर्यंत बाहेरचे पीक कुजून गेलेले असते.

या गोष्टीचे सर्वांत बोलके उदाहरण उत्तर बिहारचे आहे. १९५० च्या दशकाच्या आरंभी बिहारमध्ये नद्यांवर सुमारे १६० किलोमीटर लांबीचे बांध होते आणि पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टर मानले जाई. शतक संपताना बांधांची लांबी ३,४०० किलोमीटरच्या पुढे गेली होती आणि पूरप्रवण क्षेत्र ६८.८ लाख हेक्टरांवर पोहोचले होते. ही सगळी वाढ बांधांमुळेच झाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल; रस्ते आणि लोहमार्गांच्या भरावांनीही पाणी अडवले आहे. परंतु बांधांनी पुराखालचे क्षेत्र घटवले, असे कोणीही म्हणू शकणार नाही. कोसी नदीच्या दोन बांधांच्या आत तीनशेहून अधिक गावे राहून गेली. बांध बाहेरच्यांच्या रक्षणासाठी घातले गेले आणि आतल्यांसाठी दर पावसाळ्याचा पूर कायमचा ठरून गेला. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे हा बांध फुटला, तेव्हा बिहारमधील तीस लाखांहून अधिक लोकांना त्याचा फटका बसला, आणि त्या दिवशी नदीत असलेले पाणी बांधाच्या संकल्पित क्षमतेच्या एक-षष्ठांशाहूनही कमी होते. महापुराने बांध ओलांडला, असे झाले नाही. राखण करण्यात कसूर झाली आणि मध्यम पाण्यानेच घात केला.

राखण म्हणजे काय, हे जवळून पाहिले पाहिजे. पुराच्या रात्री बांधावर पहारा देणाऱ्या माणसाला नदीपेक्षा गावाच्या बाजूला अधिक लक्ष ठेवावे लागते. बांधाच्या पायथ्याशी कोरड्या जमिनीत वाटीएवढ्या जागेतून पाण्याची उकळी फुटते. पाणी नितळ असेल तोवर फारशी चिंता नसते. ते गढूळ झाले आणि तोंडाभोवती बारीक वाळूचा कडा जमू लागला, म्हणजे नदी बांधाच्या पोटाखालून वाळू उकरून आणते आहे, असे समजावे. अशा वेळी ती उकळी बुजवायची नसते, कारण तोंड दाबले तर पाणी शेजारून फुटते. तिच्याभोवती वाळूच्या पोत्यांची विहीर रचायची, आतले पाणी चढू द्यायचे, आणि चढलेल्या पाण्याच्या वजनाने वाळू यायची थांबली की पहाटेपर्यंत तिच्यावर नजर ठेवायची. हे काम उंदीर-घुशींची बिळे शोधण्यापासून सुरू होते आणि वर्षाचे बाराही महिने चालते. ते जिवंत ठेवायचे तर बांधालगतच्या गावांतली माणसे कामावर, पगारावर आणि विश्वासावर हवीत. बांधकामाच्या उद्घाटनाला मिळणारा पैसा या कामाला मिळत नाही, ही तक्रार जगात जवळपास सगळीकडे ऐकू येते.

सखल प्रदेशातल्या शेतकऱ्याला प्रत्येक पूर सारखा नसतो, हेही धोरण आखणारे विसरतात. बंगाली भाषेत नेहमीच्या, शेताला हव्या असणाऱ्या पाण्याला ‘बर्षा’ म्हणतात आणि घात करणाऱ्या पाण्याला ‘बन्या’. दरवर्षी पसरणारे उथळ पाणी जमिनीवर कसदार गाळ सोडते, विहिरी भरते, मासे आणते. व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात, विशेषतः आन ज्यांग प्रांतात, वर्षाला भाताचे तिसरे पीक घेता यावे म्हणून उंच बांधांनी हे पाणी बाहेर ठेवले गेले. पीक वाढले, पण गाळ येईनासा झाला आणि तीच जमीन खताच्या वाढत्या मात्रेवर जगवावी लागली. पाणी किती उंच चढले, एवढाच आकडा बातम्यांत येतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते किती दिवस उभे राहिले, हा आकडा तितकाच, कित्येकदा अधिक महत्त्वाचा असतो. भाताची स्वर्णा-सब१ ही जात सुमारे दोन आठवडे पूर्ण बुडूनही तग धरते, पण तिसऱ्या आठवड्यात कोणत्याही बियाण्याची चतुराई चालत नाही. मुळांना हवा मिळत नाही, माती घट्ट बसते, आणि पाणी गेल्यावर वर वाळूचा थर राहिला असेल तर पुढच्या हंगामाची मशागतही अडते. पंचनाम्याच्या कागदावर गेलेले पीक लिहिले जाते. बिघडलेली जमीन क्वचितच लिहिली जाते.

म्हणून शहाणपणाचा मार्ग असा, की पाण्याला जागा ठेवायची आणि ते लवकर बाहेर जाईल अशी सोय करायची. हा विचार आता नवा राहिलेला नाही. तो अंमलात कुठे यशस्वी होतो आणि कुठे फसतो, हे पाहिले की करार किती निर्णायक असतो, ते ध्यानात येते. बांगलादेशाच्या नैऋत्य भागात १९६० च्या दशकापासून समुद्राचे खारे पाणी अडवण्यासाठी वर्तुळाकार बांध घातले गेले. भरती-ओहोटीबरोबर आत येणारा गाळ शेतांवर पसरायचा तो नद्यांत बसू लागला, नद्या उथळ झाल्या आणि बांधांच्या आतली सखल जमीन वर्षानुवर्षे पाण्याखाली राहू लागली. १९९० मध्ये बील डाकातिया येथे गावकऱ्यांनी स्वतःच बांध कापला (बील म्हणजे खोलगट, पाणथळ भाग). १९९७ मध्ये बील भायना येथे तसेच झाले: सुमारे सहाशे हेक्टरांच्या त्या खोलगट भागात भरतीचे पाणी काही वर्षे मोकळेपणी येऊ-जाऊ दिले गेले, गाळ बसून जमीन वर आली, आणि ओहोटीच्या वेगाने लगतची हरी नदी आपणहून खोल झाली. जे काम यंत्रांनी गाळ उपसून होत नव्हते, ते नदीने केले. गावकऱ्यांचे हे ज्ञान पुढे सरकारी अभियंत्यांनीही स्वीकारले.

परंतु या उपायात एक बोच आहे. जी जमीन काही वर्षे पाण्याखाली जाते, ती कोणाची तरी असते, आणि लाभ आजूबाजूच्या कितीतरी गावांना होतो. पुढे पूर्व बील खुक्षिया येथे हाच उपाय करताना भरपाई जाहीर झाली, पण जमिनीचे कागद जुने, वारसांच्या नोंदी अपुऱ्या आणि अर्जांची प्रक्रिया किचकट असल्याने पुष्कळांपर्यंत ती पोहोचली नाही. त्याचा परिणाम शेजारच्या बीलात दिसला. २०१२ मध्ये बील कपालिया येथे काम सुरू करायची वेळ आली, तेव्हा विरोध इतका पेटला की योजना अडून राहिली. उपाय शास्त्रशुद्ध होता, लोकांनीच शोधलेला होता, तरीही तो अडला, कारण आधीच्या गावाला दिलेला शब्द पाळला गेला नव्हता आणि ते पुढच्या गावाला ठाऊक होते. अशी अविश्वासाची किंमत कोणत्याही प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरलेली नसते.

याच्या शेजारी नेदरलँड्समधील ओव्हरडीप या पोल्डरचे, म्हणजे बांधांनी वेढलेल्या सखल जमिनीचे, उदाहरण ठेवावेसे वाटते. १९५३ च्या समुद्री पुरात त्या देशात १,८३६ माणसे दगावली आणि १९९५ मध्ये नद्या चढल्या तेव्हा सुमारे अडीच लाख लोकांना हलवावे लागले. त्यानंतर ‘नदीला जागा’ या नावाने कार्यक्रम आखण्यात आला आणि तिसाहून अधिक ठिकाणी बांध मागे सरकवणे, पूरमैदान खोल करणे अशी कामे झाली. ओव्हरडीपमध्ये सुमारे साडेपाचशे हेक्टर जमीन आणि सतरा शेतकरी कुटुंबे होती. नदीला जागा द्यावी लागणार, हे कळल्यावर त्यांनी वाट पाहिली नाही. पोल्डरच्या कडेने मातीची टेकाडे उभारावीत, घरे आणि गोठे त्यांवर न्यावेत, नदीकडचा बांध कमी उंचीचा करावा आणि मोठ्या पुरात, सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा, शेतांत पाणी येऊ द्यावे, ही योजना त्यांनीच मांडली. आठ कुटुंबे टेकाडांवर राहिली आणि उरलेली मोबदला घेऊन दुसरीकडे गेली. वरच्या शहरांपाशी पुराची पातळी सुमारे पाव मीटरने उतरेल, असे पाहिले गेले. आपले राहते घर आणि गोठा मोडून तो नव्या टेकाडावर पुन्हा बांधणे कोणालाही सोपे गेले नसेल, आणि सतरापैकी निम्म्याहून अधिक घरे तिथून उठली, हे विसरून या योजनेचे गोडवे गाऊ नयेत. तरी कोण राहणार आणि कोण जाणार हे तिथे माणसांनी ठरवले, पाण्याने नाही. त्याच देशात ओइ पोल्डरमध्ये आणीबाणीचे जलाशय करण्याची योजना मात्र वरून खाली आली, लोक खवळले, आणि काही वर्षांतच सरकारला ती सोडून द्यावी लागली.

नेदरलँड्स श्रीमंत देश आहे, त्यांना हे परवडते, असे म्हटले जाते. त्याचे उत्तर चीनच्या उदाहरणात काही अंशी मिळते. ह्वाय नदीवरच्या वांगज्याबा येथील दरवाजा १९५३ मध्ये बांधला गेला, आणि तो उघडला की पाणी मंगवा या सखल शेतीप्रदेशात शिरते. तिथली माणसे उंच केलेल्या मातीच्या ओट्यांवर दाटीवाटीने राहतात आणि शेते खाली असतात. २० जुलै २०२० रोजी तो सोळाव्या खेपेस उघडण्यात आला. अशा प्रदेशांसाठी चीनने २००० साली भरपाईचे नियम केले: पिकाच्या उत्पन्नाच्या ठरावीक टक्केवारीने आणि वाहून गेलेल्या घराच्या नुकसानीच्या सत्तर टक्क्यांपर्यंत. नियम आधीपासून लिहिलेले आहेत, ही मोठी गोष्ट आहे आणि गरिबीचे कारण सांगून तिच्यातून सुटका होऊ नये. पण मत विचारण्याची तरतूद तिथे दिसत नाही. २०२३ मध्ये हेबेई प्रांतातील सखल पट्ट्यांत पुराचे पाणी वळवले गेले, लाखो लोकांना हलवावे लागले, आणि प्रांताच्या सर्वोच्च नेत्याने हेबेईने राजधानीसाठी खंदकाचे काम करावे, असे उद्गार काढले. त्यावर लोकांमध्ये जो संताप उसळला, तो केवळ पैशाने शमणारा नव्हता. आपले घर दुसऱ्याचा खंदक आहे, हे पाणी आल्यावर ऐकावे लागणे हा अपमान आहे.

करार झाला की प्रश्न मिटला, असेही मी मानत नाही. १९२७ च्या पुराने अमेरिकेला धडा मिळाला आणि १९२८ च्या कायद्याने ‘फक्त बांध’ हे धोरण सोडून पाण्यासाठी राखीव वाटा ठरवल्या गेल्या. मिसूरी राज्यातील बर्ड्स पॉइंट ही त्यांतलीच एक. तिथल्या जमिनीवर पाणी सोडण्याचे हक्क सरकारने जमीनमालकांकडून रीतसर विकत घेतले. १९३७ नंतर थेट २ मे २०११ रोजी, समोरच्या काठावरचे इलिनॉय राज्यातील कैरो शहर वाचवण्यासाठी, तिथला बांध उडवण्यात आला आणि सुमारे एक लाख तीस हजार एकर शेतजमीन पाण्याखाली गेली. त्या पट्ट्यात पिनहूक नावाचे कृष्णवर्णीयांचे छोटे गाव होते. इतरत्र त्यांना जमीन विकायला कोणी तयार नव्हते, म्हणून ते त्या सखल जागी वसले होते. ते गाव त्या दिवशी संपले. गावकऱ्यांचे म्हणणे असे, की त्यांना हलवायला कोणी आले नाही; ते आपापल्या बळावर बाहेर पडले. कायद्याच्या दृष्टीने करार पक्का होता. पण तो सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी झाला होता, जमिनीच्या तेव्हाच्या मालकांशी झाला होता, आणि नंतर तिथे राहायला आलेल्यांना त्याचा अर्थ कोणी समजावून दिला होता का, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. म्हणून करार ठरावीक वर्षांनी नव्याने व्हायला हवा आणि तो जमिनीशी जितका, तितकाच माणसांशी हवा.

गावेच उठवून उंचावर न्यावीत, असा सल्ला देणारेही असतात. काही ठिकाणी तो योग्य ठरतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातील व्हॅलमायर हे गाव १९९३ च्या पुरानंतर एकत्रितपणे टेकडीवर गेले. परंतु ज्याचे पोट शेतावर आहे त्याला शेत उचलून नेता येत नाही, आणि भूमिहीन मजुराला तर नव्या जागी कामही मिळत नाही. नदीतला गाळ उपसा, ही दुसरी लोकप्रिय मागणी. इंग्लंडमध्ये सॉमरसेट लेव्हल्स या सखल भागात २०१३-१४ च्या हिवाळ्यात सुमारे ६,९०० हेक्टर शेतजमीन बुडाली, काही ठिकाणी आठवडेच्या आठवडे, आणि नंतर पॅरेट व टोन या नद्यांचा आठ किलोमीटर भाग उपसण्यात आला. उपशाने पाणी लवकर उतरायला मदत होते, म्हणून तो अनाठायी नाही. पण मोठ्या पुराचे पाणी मैदानभर पसरते, त्याच्यापुढे पात्रात केलेली ती जागा फारच थोडी असते.

मदत कधी पोहोचते, याचाही विचार कराराच्या अनुषंगाने व्हायला हवा. जुलै २०२० मध्ये बांगलादेशात जमुनेच्या (ब्रह्मपुत्रेचे तिथले नाव) पुराचा अंदाज येताच संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून पैसे मोकळे झाले आणि पाणी शिखराला पोहोचण्याआधीच अनेक कुटुंबांच्या हाती रोख रक्कम पडली. पाणी येण्याआधी मिळालेल्या पैशातून जनावरे हलवता येतात, धान्य उंचावर नेता येते, चारा घेता येतो. तीच रक्कम दोन महिन्यांनी मिळाली तर ती बहुधा सावकाराकडे जाते, आणि जनावर तोवर मातीमोल भावाने विकले गेलेले असते. अंदाज वर्तवण्याचे तंत्र आज इतके पुढे गेले आहे, की मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांत काही दिवस आधी सूचना मिळू शकते. त्या दिवसांचा उपयोग फक्त शहरांनी का करावा?

असा करार लिहायला बसले, तर त्यात काय असावे, हे फारसे गूढ नाही. नदीची पातळी कोणत्या मोजपट्टीवर कुठवर चढली की पाणी सोडले जाईल, हे त्यात हवे, आणि ती मोजपट्टी गावकऱ्यांना स्वतः वाचता यावी अशा जागी हवी. ज्या शहराचे किंवा ज्या वसाहतीचे रक्षण होणार, तिने दरवर्षी, पूर येवो अथवा न येवो, सखल भागाला ठरलेली रक्कम द्यावी, कारण ती जमीन वर्षभर त्यांच्यासाठी मोकळी ठेवली जाते. मोबदल्यात मालकाइतकाच कुळाचा, वाटेकऱ्याचा आणि त्या शेतावर राबणाऱ्या मजुराचा वाटा असावा, नाहीतर पाणी ज्यांच्या घरात शिरते त्यांना सोडून पैसे दुसऱ्याच गावी राहणाऱ्याच्या खात्यात जातील. शेतावर बसलेली वाळू कोण उचलणार आणि कधीपर्यंत, हे त्यात नावानिशी लिहिलेले असावे. आणि पाणी सोडल्यापासून किती दिवसांत निचऱ्याची दारे उघडली जातील, हा आकडा त्यात नसेल, तर त्या कागदावर सही करण्याचा सल्ला मी कोणत्याही शेतकऱ्याला देणार नाही.